घरच्या धरणाचा धोका-वर्ग कसा ठरवायचा

आमच्या बांधाची नोंद कुठल्याही सरकारी यादीत नाही. संगमेश्वर तालुक्यात, डोंगराच्या पोटाशी, सासऱ्यांनी १९८३ साली पऱ्या (ओढा) अडवून घातलेला हा मातीचा बांध. सुपारी, नारळ आणि थोडी मिरी त्याच्या पाण्यावर जगते. सासरे शिक्षक होते, म्हणून वाडीत त्याला ‘मास्तरांचं धरण’ म्हणतात. मीही पुढे गणिताचीच शिक्षिका झाले, तरी धरण काही ‘बाईंचं’ झालं नाही. जबाबदारी मात्र आली.

ती आली २ जुलै २०१९ च्या रात्री. शेजारच्या चिपळूण तालुक्यात तिवऱ्याचं धरण फुटलं, वीसहून जास्त माणसं गेली. नंतर खेकड्यांनी धरण फोडल्याचं विधान गाजलं आणि राज्यभर त्यावर विनोद झाले. आमच्या वाडीत कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी खालच्या घरातल्या म्हाताऱ्या काकी पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढून वर आल्या आणि मला म्हणाल्या, “बाय, तुमचा फुटला तर आमच्यापर्यंत येल काय गो?” मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधायला मी जे जे केलं त्याची कृती. तुमचा बांध पाच-सात मीटर उंच असेल आणि खाली कोणी राहत असेल, तर तुम्हालाही ती करता येईल. मोठ्या धरणाला ती पुरणार नाही. तिथे अभियंताच हवा.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. २०२१ चा केंद्राचा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांनाही होतो, पण ५०० मीटर लांबी किंवा १० लाख घनमीटर साठा अशी एखादी अट पुरी होत असेल तरच. आपण त्याच्या खूप खाली. म्हणजे तपासायला कोणी येणार नाही. पण कायदा लागू नाही म्हणून जबाबदारी नाही, असं नव्हे. माझा भाचा वकील आहे. त्याने सांगितलं की दुसऱ्याचं नुकसान करणारी वस्तू आपल्या जमिनीत साठवली तर ती सुटण्याचा दोष आपलाच, हे तत्त्व कायद्याच्या पुस्तकात आलं तेच मुळी एका खासगी तलावावरून. इंग्लंडमधल्या एका गिरणीवाल्याचा तलाव शेजारच्या कोळशाच्या खाणीत शिरला होता. निकाल १८६८ चा. आणि केनियातल्या सोलाई इथे ९ मे २०१८ च्या रात्री जे फुटलं तेही एका खासगी शेतमळ्याचं धरण होतं. तिथे चाळीसहून जास्त माणसं मेली. तेव्हा ‘खासगी’ या शब्दाने काही लहान होत नाही.

बैल आणि अंगण

मला हे शिकवलं पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या, शेजारच्या गावच्या अण्णांनी. मी त्यांना बांध दाखवायला नेलं आणि भेगा, गवत, उतारावरचं दगडी पिचिंग (अस्तर) दाखवू लागले. त्यांनी हात वर केला. “हे नंतर. बैल गरीब आहे की मारका, हा एक प्रश्न. दावं सुटलं तर अंगणात कोण खेळतंय, हा दुसरा. वर्ग म्हणजे दुसरा प्रश्न.”

इथेच बहुतेकांची गल्लत होते. धोका-वर्ग बांधाच्या तब्येतीवर ठरत नाही. उत्तम बांधलेल्या धरणाचा वर्ग ‘जास्त’ असू शकतो आणि पडायला आलेल्या धरणाचा ‘कमी’. फुटलंच तर खाली काय होईल, एवढंच त्यात मोजतात. फुटेल की नाही हे मोजायचंच नाही. केंद्रीय जल आयोगाने धरणांसाठी चार वर्ग केले आहेत. घरच्या बांधाला तीन पुरतात. फक्त आपलंच शेत वाहून जाणार असेल तर कमी. दुसऱ्याची शेती, रस्ता, साकव (पऱ्यावरचा छोटा पूल), पंप, विजेचे खांब जाणार असतील, पण माणसाच्या जिवाला धोका दिसत नसेल, तर मध्यम. आणि जिथे माणसं झोपतात असं एक घर जरी पाण्याच्या वाटेत असेल तरी जास्त. सरासरी काढायची नाही. दहा गोष्टी ‘कमी’त बसल्या आणि एक ‘जास्त’त बसली, तर उत्तर ‘जास्त’.

मोजमाप

लागतं काय: गवंड्याची पारदर्शक लेव्हल-नळी, मोजपट्टी, दोन बांबू, एक वही. नळी पंधरा मीटरची घ्या. लहान नळीने डोंगरात दिवस जातो.

उंची मोजायची ती पऱ्याच्या तळापासून, खालच्या अंगाच्या पायथ्यापासून, बांधाच्या माथ्यापर्यंत. पाण्याच्या बाजूने मोजू नका, तिथे गाळ भरलेला असतो. नळीत पाणी भरून बांबू-बांबूने टप्पे घेत वर यायचं, प्रत्येक टप्प्याचा फरक वहीत लिहून शेवटी बेरीज करायची. आमची उंची आली ६.२ मीटर. सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेच्या, उंबऱ्यापर्यंत पाण्याची खोली ५ मीटर. म्हणजे उंबऱ्यापासून माथ्यापर्यंत १.२ मीटर मोकळं. हा १.२ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचीच गोष्ट आहे.

साठ्यासाठी पाण्याखालचं क्षेत्र हवं. फोनवरच्या नकाशात काठ आखून क्षेत्र काढता येतं, पण उपग्रहाचं चित्र बऱ्याचदा एप्रिल-मेचं असतं, निम्मा तलाव कोरडा. मी नवरात्रात, सांडवा थांबल्यावर, काठाकाठाने फोन घेऊन चालले: दीड हेक्टर. साठा = ०.४ × क्षेत्र × सर्वांत जास्त खोली. म्हणजे ०.४ × १५,००० × ५ = ३०,००० घनमीटर, तीन कोटी लिटर. पऱ्याच्या दरीत हा ०.४ ठोकताळा म्हणून चालतो. गाळ वजा करू नका. बांध फुटला की गाळही पाण्याबरोबर येतो.

आता फुटलं तर किती पाणी एका दमात येईल? यासाठी फ्रोलिक यांचं सूत्र आहे, फुटलेल्या धरणांच्या नोंदींवरून बसवलेलं: सेकंदाला घनमीटर = ०.६०७ × साठ्याचा ०.२९५ वा घात × खोलीचा १.२४ वा घात. फोन आडवा धरला की कॅल्क्युलेटरमध्ये घाताचं बटण येतं. आमचं उत्तर: सुमारे ९४ घनमीटर दर सेकंदाला. एक घनमीटर म्हणजे एक टन, तेव्हा सेकंदाला ९४ टन. संपूर्ण तलाव दहा-अकरा मिनिटांत रिकामा. सूत्र निम्मं-दुप्पट चुकू शकतं, हे अण्णांनी तेव्हाच बजावलं होतं. मी मान डोलावली आणि विसरले.

खाली चालत जाणं

हे काम पावसाळ्यानंतर, पऱ्यात गुडघ्याएवढं पाणी असताना करा. बांधापासून नदीला मिळेपर्यंत चालायचं. आमचं अंतर साडेतीन किलोमीटर. मला दोन दिवस लागले, कारण जिथे जिथे काही दिसलं तिथे थांबून मोजत गेले.

प्रत्येक अरुंद जागी पऱ्याची रुंदी घ्यायची आणि एक साधा भागाकार करायचा. उतारावर फुटीचं पाणी सेकंदाला तीनेक मीटर धावतं असं धरा. आमच्या साकवाजवळ दरी १२ मीटर रुंद आहे. ९४ भागिले (१२ × ३) म्हणजे पाण्याची उंची २.६ मीटर. त्याच्या पुढे भाताची खाचरं आहेत, तिथे दरी ८० मीटर पसरते, वेग निम्मा होतो, ९४ भागिले (८० × १.५), जेमतेम पाऊण मीटर. पाऊण मीटर ऐकायला कमी वाटतं. दीड मीटर वेगाच्या पाऊण मीटर पाण्यात धडधाकट माणूसही पाय रोवून उभा राहू शकत नाही.

आलेली उंची झाडांवर, दगडांवर चुन्याने मारत गेले. पोरं विचारायची, “बाई, शर्यत हाय काय?” या चुन्याच्या खुणांचा फायदा असा की कागदावरचा आकडा दुसऱ्याला समजत नाही, खांद्याच्या वरची पांढरी रेघ समजते.

घर दिसलं की जोत्याची उंची पऱ्याच्या तळापासून मोजा. पुन्हा तीच नळी. काकींचं घर ४.३ मीटरवर निघालं. त्यांना सांगायला मी धावत गेले. पण साकवाच्या अलीकडे, जिथे सासऱ्यांच्या वेळी फक्त भात होतं, तिथे २०१६ साली चार खोल्यांचं एक घर उभं राहिलंय. पावसाळी पर्यटकांना राहायला देतात. त्याचं जोतं १.९ मीटरवर. तिथे पाणी यायचं २.६.

आम्ही बांधावर मातीची एक पाटी टाकली नव्हती की काढली नव्हती. तरीही आमचं धरण २०१६ साली ‘मध्यम’मधून ‘जास्त’मध्ये गेलं होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता.

माणसं मोजतानाही कोकणात एक चूक हमखास होते. जानेवारीत मोजाल तर वाडीत निम्म्या घरांना कुलूप. मोजायची ती गणपतीत: तलाव काठोकाठ, मुंबईचे चाकरमानी घरोघरी, एकेका पडवीत दहा-दहा जण झोपलेले. पऱ्यावर धुणं धुणाऱ्या बायका, शाळेची पोरं साकव ओलांडतात ती वेळ, शिकारीला किंवा कुर्ल्या पकडायला रात्री बत्ती घेऊन उतरणारे, सगळे वहीत लिहा.

सांडवा: जिथे आम्ही खरोखर चुकलो होतो

वर्ग ‘जास्त’ निघाला की बांधाकडे बघायची नजर बदलावी लागते. मातीचं धरण सर्वांत जास्त कशाने जातं तर माथ्यावरून पाणी गेल्याने. म्हणून पहिली तपासणी सांडव्याची.

आमचं पाणलोट क्षेत्र ३५ हेक्टर, म्हणजे ०.३५ चौरस किलोमीटर. सह्याद्रीच्या उतारांसाठी इंग्लिस यांचं जुनं सूत्र आहे: १२४ × क्षेत्र भागिले (क्षेत्र + १०.४) चं वर्गमूळ. उत्तर १३.२ घनमीटर सेकंदाला. विश्वास बसत नसेल तर असा ताळा करा: ३५ हेक्टरवर तासाला १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा वाहून आला तर ९.७ घनमीटर होतात. तासाला शंभर मिलिमीटर कोकणाने पाहिलेला आहे.

आता सांडव्यातून किती जातं? १.७ × लांबी × पाण्याच्या उंचीचा दीड घात. सांडवा ९ मीटर लांब. माथ्याखाली अर्धा मीटर लाटांसाठी कोरडा सोडायचा, म्हणजे १.२ पैकी ०.७ मीटर उंची वापरायला मिळते. उत्तर ९ घनमीटर. यायचे १३.२, जायचे ९. सरळ नापास.

आणि आता खरी लाज. दर ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे सांडव्यावर मातीच्या पिशव्या रचायचे, फूट-सव्वा फूट पाणी जास्त अडतं म्हणून. सगळेच करतात. हिवाळ्यात त्यात काही वावगं नाही. पण त्या पिशव्या मिरगाआधी काढायचं कोणाचं काम, हे कधी ठरलंच नव्हतं. माझे दीर समजायचे गड्याने काढल्या, गडी समजायचा भावोजींनी सांगितलं नाही. ज्या वर्षी मी हिशोब करत होते त्या वर्षीही जुलैत त्या तशाच होत्या, वर गवत उगवलेलं. ०.४ मीटर पिशव्यांत गेले की वापरायला उरतात ०.३, सांडवा ९ चा अडीच घनमीटरवर येतो. मी तो आकडा दोनदा काढला, मग भर पावसात स्वतः जाऊन पिशव्या ओढून काढल्या. सांडव्यात कोणी मासे धरायला जाळं किंवा कुडाची आडवण लावली असेल तर तीही याच हिशोबात.

झिरपण्याची वही

पायथ्याशी थोडं पाणी झिरपणं म्हणजे संकट नव्हे. मातीचा बांध झिरपतोच. बघायचं ते दोनच: गढूळ आहे का, आणि तलावाची पातळी तीच असताना वाढतंय का. झिरपा एका छोट्या पाटात गोळा करून बादली भरायला किती सेकंद लागतात ते दर रविवारी लिहा. काचेच्या बाटलीत भरून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी मातीचा थर दिसला तर बांध आतून झिजतोय. अशा वेळी तलाव रिकामा करायला घ्या आणि अभियंत्याला बोलवा, दुसरा विचार नको.

मोरीच्या, म्हणजे बांधाच्या पोटातून पाणी सोडायच्या, पाइपाच्या कडेने येणाऱ्या पाण्यावर सर्वांत जास्त लक्ष ठेवा. पाइपाच्या अंगाला माती नीट दाबली जात नाही, पाणी ती फट शोधतं. पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ ला गेलं तेव्हाही दुखणं अर्धवट राहिलेल्या मोरीपाशीच सुरू झालं होतं.

गढूळ झरा उसळताना दिसला तर माणसाचा पहिला हात जातो तो तोंडात माती कोंबायला. तेच करायचं नाही. कोंडलेलं पाणी दुसरीकडून फुटतं. आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर दगड: पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. यासाठी आमच्या पायथ्याशी कायम दोन ब्रास वाळू आणि एक ब्रास खडी ताडपत्रीखाली ठेवलेली असते. आणि मोरी उघडून पातळी उतरवायची. घाई नसेल तेव्हा दिवसाला फूटभराहून जास्त उतरवू नका, नाहीतर पाण्याकडचा ओला उतार घसरतो. पण झरा गढूळ असेल तेव्हा हा नियम बाजूला.

खेकड्यांबद्दल विचाराल, तर खेकडा आणि साळिंदर दोघांचीही बिळं शोधा आणि खणून, माती थराथराने दाबून बुजवा. वरून ढेकूळ लोटून नव्हे. मला साळिंदराची जास्त भीती वाटते, त्याचं बीळ कितीतरी मोठं असतं. झाडं वीतभर असतानाच उपटा. मोठा आईन कापून टाकलात तर त्याची मुळं आत कुजतात आणि पाण्याला आयता बोगदा मिळतो; तिथे अण्णांसारख्या कोणाला तरी विचारूनच हात लावा.

रात्री कोणी कोणाला उठवायचं

सांडव्यापाशी तीन रंगांत रंगवलेला खांब उभा केलाय. हिरव्यात पाणी असेल तोवर झोपा. पिवळ्यात आलं की घरातलं एक माणूस जागं, खालच्या घरांना फोन. तांबड्यात आलं की पोलीस पाटील, ११२ आणि जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७, आणि लोक पाखाडीने देवळाकडे. मुसळधार पावसात फोन सर्वांत आधी जातो, म्हणून देवळातला ढोल हा खरा भोंगा. तालही ठरवून घेतलाय, आरतीचा वाटणार नाही असा. वर्षातून एकदा, मिरगाच्या आदल्या रविवारी, वाजवून बघतो. पहिल्या वर्षी निम्मे लोक प्रसादाला आले.

उंबरा उतरवला, पुढे काय

सांडवा लांब करायचा तर सव्वातेरा मीटर हवा होता. अण्णांनी दुसरी वाट सुचवली: सांडवा कातळात आहे, ब्रेकर लावून उंबराच ०.८ मीटर खाली घ्या. एका दगडात दोन पक्षी. माथ्यापर्यंत २ मीटर मोकळे झाले, अर्धा सोडून दीड मीटर वापरले तर सांडवा २८ घनमीटर सोडतो, गरजेच्या दुप्पट. खाली घरं असताना एवढं हवंच, असं त्यांचं म्हणणं. साठा मात्र साडेअठरा हजार घनमीटरवर आला. सुपारीला ठिबक करावं लागलं. दीर अजून त्या पाण्याची आठवण काढतात.

मी नवा हिशोब मांडला. खोली ४.२ मीटर, फुटीचं पाणी ६५ घनमीटर, साकवाच्या अरुंद जागी उंची १.८ मीटर. जोतं १.९ वर! मी वहीत ‘मध्यम’ लिहिलं, दोनदा अधोरेखित केलं आणि अण्णांना दाखवायला नेलं.

त्यांनी वही वाचली, चष्मा काढला. “बाई, सूत्र निम्मं-दुप्पट चुकतं हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही दहा सेंटीमीटरवर चार खोल्यांतली माणसं झोपवताय.”

‘मध्यम’ खोडून ‘जास्त’ लिहिलं. घरमालकाला चुन्याच्या रेघा दाखवल्या. तो आधी रागावला, परवानग्या दाखवू लागला, मग पावसाळ्यात पऱ्याकडच्या दोन खोल्या द्यायच्या बंद केल्या. दोन, चार नव्हे. वहीत तेही लिहिलंय. या दिवाळीनंतर साकवाच्या खालच्या अंगाला कोणीतरी चिऱ्याचा पाया खणलेला दिसतोय. परवा नळी घेऊन जायचंय.